रोजच्या पोलोला आधी ब्रेक की आधी रीमॅप?

टर्बो_सिंहगडरोड:
पोलो १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. कंपनीतून ११० पीएस ताकद, १७५ एनएम टॉर्क (म्हणजे इंजिनची ओढ). रोज हिंजवडीला ये-जा, अधूनमधून एक्सप्रेसवेने मुंबई, पावसाळ्यात ताम्हिणी. २०२२ ला पोलो आपल्याकडे बंद झाली, आणि आय-ट्वेंटी एन लाईन घ्यायची तर तिथेही १२० पीएसच, म्हणजे दहा पीएससाठी एवढे लाख कोण घालणार, म्हणून बऱ्याच जणांचं आहे तीच गाडी तयार करायचं चाललंय. आणि सगळ्यांची सुरुवात कुठून, तर स्टेज वन मॅपपासून, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायची, तोच रीमॅप.

मला हा क्रमच पटत नाही. ३०-४० हजार हातात असतील तर आधी ब्रेक. ब्रेक म्हणजे लाल रंगाचे भलेमोठे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे) नव्हे. टायर, ब्रेक ऑइल, पॅड, याच क्रमाने. १०० वरून १४० ला गेलात की गाडी थांबवताना निर्माण होणारी उष्णता जवळजवळ दुप्पट होते, कारण हिशेब वेगाच्या वर्गाचा आहे. आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढत राहतं. डॉट ४ नवीन असताना किमान २३० डिग्रीला उकळतं, पाणी मुरल्यावर हाच आकडा १५५ वर येतो. खंडाळ्याच्या उतारावर पेडल स्पंजी, मऊ लागायला लागलं की समजायचं ऑइल उकळलंय.

भावा_बूस्ट_दे:
नाही पटलं भावा. स्टॉक, म्हणजे कंपनीचाच ब्रेक कचकन दाबला की चाक लॉक होऊ नये म्हणून एबीएस लागतोय ना? म्हणजे ब्रेककडं ताकद आहे, टायर कमी पडतोय. मग पॅडवर पैसे कशाला. आणि रीमॅप केला म्हणजे माणूस १६० नेच जातो हे कुणी सांगितलं? आमच्या कोल्हापूर-रत्नागिरी रोडला आंबा घाटात उसाच्या ट्रॉलीमागं अडकलं की कळतं टॉर्क कशाला पाहिजे, तिसऱ्यातच पाय दिला की गाडी निघते, समोरच्या लेनमध्ये कमी वेळ राहतो. हीपण सेफ्टीच आहे की. गाडी वेग लवकर पकडते एवढंच, किती पकडायचा ते आपला पाय ठरवतो.

टर्बो_सिंहगडरोड:
एबीएस लागतो तो थंड ब्रेकवर, पहिल्या दाबाला. मी पाचव्या-सहाव्या वळणाबद्दल बोलतोय. पॅड तापून फेड झाला, म्हणजे त्याची पकड गेली की कितीही दाबा, एबीएसपर्यंत पोचतच नाही. टायरचं तुझं बरोबर आहे, म्हणून तर मी टायर पहिले लिहिलेत, नीट वाच की राव.
आणि एक बघ, कंपन्यांनीच काय केलंय. २०१५ च्या अबार्थ पुंटोला १.४ टी-जेटमधून १४५ बीएचपी काढले, तिला चारही चाकांना डिस्क. २०१६ ला आपल्याकडे आलेली पोलो जीटीआय, १९२ पीएस, तिलाही चारही डिस्क. आपल्या गाडीला मागे ड्रम आहेत. ताकद दिली तिथे ब्रेकही दिले.

भावा_बूस्ट_दे:
ती जीटीआय पंचवीस लाखाच्या वर होती, तीन दरवाजांची. किती खपल्या? 😄

गॅरेजवाले_काका:
तुम्ही दोघं भांडा, मी चाक उघडल्यावर काय दिसतं ते सांगतो. पोरं येतात, काका मोठे ब्रेक बसवा म्हणतात, चाक काढलं की कॅलिपरच्या स्लायडर पिनमधलं ग्रीस सुकून दगड झालेलं. आतला पॅड पत्र्यापर्यंत घासलेला, बाहेरचा अर्धा शिल्लक. म्हणजे एकच पॅड काम करतोय. पॅडचा चेहरा काचेसारखा चकचकीत, डिस्कच्या कडेला नखाला लागेल एवढी धार. मागच्या ड्रममधला अ‍ॅडजस्टर जाम, म्हणून हँडब्रेक पार वर येतो. पिना साफ करून योग्य ग्रीस लावलं, ड्रम उघडून सेट केले, ऑइल बदललं की तीच गाडी वेगळी थांबते, आणि खर्च मॅपच्या पावपटीसुद्धा नाही.
मोठ्या कॅलिपरचं म्हणाल तर पेडलमागून ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर तोच राहतो. पिस्टन मोठे झाले की पेडल जास्त खाली जाणार. त्यात सगळा जोर पुढे, मागचे ड्रम नुसते सोबतीला. दिसतं झकास, थांबायचं अंतर कमी होईलच असं नाही.
आता बूस्टवाल्या पोरासाठी. छोटं टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन, त्यात मॅपने खालच्या आरपीएमला टॉर्क वाढवलेला, आणि तू सहाव्या गिअरला १४००-१५०० वर पाय गाडणार. स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टन फुटू शकतो, रिंगजवळ तुकडा पडतो. गिअर उतरवायचा कंटाळा म्हणून मॅप करू नकोस बाबा.

भावा_बूस्ट_दे:
काका ते मान्य, खालच्या आरपीएमला नाही गाडत. चांगला ट्यूनर तिथं टॉर्क दाबूनच ठेवतो आणि मी ९५ ऑक्टेनच टाकतो.

टर्बो_सिंहगडरोड:
पुण्यात टाकशील. गावाकडच्या पंपावर त्यापेक्षा कमी ऑक्टेनचं मिळालं तर? ९५ साठी लिहिलेल्या मॅपवर तसलं पेट्रोल गेलं की नॉक सेन्सर (अवेळी पेट घेणं ओळखणारा) स्पार्कचं टायमिंग मागे ओढतो, मग पैसे दिलेली ताकद त्या दिवशी गेलीच, उलट इंजिन तापणार.

डीएसजी_जपून:
माझी जुनी १.२ जीटी टीएसआय आहे. ड्राय क्लचवाल्या सात गिअरच्या डीएसजीची (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) मर्यादा २५० एनएम. मॅपनंतर त्या आकड्याच्या फार जवळ जाऊन रोज ट्रॅफिकमध्ये रांगणं मला झेपणार नाही. आम्हाला या वादातून वगळा.

पॉलिसी_वाचणारी:
ब्रेक-इंजिन सोडा, कागदाचं कुणी बोलतच नाहीये. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात बदल चालणार नाही. कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पॅड आणि ऑइल बदलणं म्हणजे देखभाल, त्यात कुणाला काय म्हणायचंय? पण मॅप केला आणि विमा कंपनीला कळवलं नाही तर क्लेमच्या वेळी सर्व्हेयरशी तुम्हीच भांडा. वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनमध्ये ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) सॉफ्टवेअर बदललेलं दिसतं, टीडी१ चा, म्हणजे छेडछाड झाल्याचा शिक्का कंपनीच्या नोंदीत पडला की इंजिनची वॉरंटी विसरा.

भावा_बूस्ट_दे:
ताई, आरसीवर पीएस कुठं लिहिलेत? रंग, सीसी, इंधन हे बदललं तर गोष्ट वेगळी. सॉफ्टवेअर त्यात बसतं का?

पॉलिसी_वाचणारी:
वाद घालता येईल. फक्त तो अपघातानंतर घालायची वेळ येऊ नये एवढंच म्हणते मी. आणि एक्सप्रेसवेवर कारला १०० ची मर्यादा आहे, जागोजागी कॅमेरे लागलेत. मॅप चालवणार कुठे?

भावा_बूस्ट_दे:
कोइंबतूरच्या करी स्पीडवेला, रेसिंग ट्रॅकवर 😎

गॅरेजवाले_काका:
ट्रॅकवर नेणार असशील तर मग ब्रेक आधीच झाले की! तिथे पहिल्या काही लॅपमध्येच ऑइल उकळतं. बस आता वाद.

नवीन_पॅड_विचारतोय:
काका, मी चांगले पॅड टाकलेत पण सकाळी किंचाळतात आणि चावा कमी वाटतो.

गॅरेजवाले_काका:
बेड केलेस का, म्हणजे नवे पॅड डिस्कवर बसवलेस का? रिकाम्या रस्त्यावर ६०-७० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा उतरव, पूर्ण थांबायचं नाही. मग ब्रेक न लावता थोडी चालवून थंड कर, तापलेला असताना हँडब्रेक ओढू नकोस. सकाळचं किंचाळणं दमट हवेत थोडं राहणारच. टायर कुठल्या सालचे आहेत? साईडवॉलवर चार आकडे असतात, शेवटचे दोन साल.

नवीन_पॅड_विचारतोय:
४११८.

गॅरेजवाले_काका:
मग पॅडवर कशाला घालवलेस रे पैसे. आधी टायर घे.