वीज बनवत नाही, मग वहन आकार कशाचा?

लघुदाब

वीजबिलातल्या लुटीबद्दलच्या धाग्यावर 'बिलवाचक' यांनी तीन गोष्टी ठासून लिहिल्या आहेत. महावितरण एक युनिटही बनवत नाही, म्हणून ती नुसती मध्यस्थ. वहन आकार, म्हणजे तारेतून वीज घरापर्यंत आणण्याचे दर युनिटमागे लागणारे पैसे, ही त्या मध्यस्थाची दलाली. आणि मोबाइलचा नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येतो तशी वीज नेता आली की सगळे प्रश्न मिटतील. तिथे एकानेही हे खोडलं नाही, उलट सगळे माना डोलावत गेले. म्हणून हा वेगळा धागा.

६ जून २००५ ला वीज मंडळाचे तुकडे झाले ते ही कामं मुळात वेगळी आहेत म्हणून. कोराडी, चंद्रपूर, कोयना महानिर्मिती चालवते. ४००, २२० आणि १३२ केव्हीच्या (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) वाहिन्या महापारेषणच्या. तिथून खाली ३३ केव्ही, ११ केव्ही (पुणे-ठाण्याकडे बऱ्याच ठिकाणी २२), डीपी (दाब घरगुती पातळीवर उतरवणारं रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर), खांब, खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर आणि मीटर हे वितरण, म्हणजे महावितरणचं काम. लाइट गेली की आपण या शेवटच्या माणसालाच फोन करतो, मग दोष कुणाचाही असो. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली ती कळवा-पडघ्याच्या पारेषण वाहिन्यांमुळे. शिव्या मात्र बिल पाठवणाऱ्यांनीच खाल्ल्या.

आता तारेला पैसे का लागतात ते बघा. १०० केव्हीए क्षमतेच्या रोहित्रात ११ केव्हीच्या बाजूने सव्वापाच अँपिअर येतात. तीच ताकद ४३३ व्होल्टवर न्यायची तर १३३ अँपिअर. तारेत जी वीज उष्णता होऊन जाते ती प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच जाडीच्या तारेत घट साडेसहाशे पटींच्या आसपास. म्हणून उच्चदाब वाहिनी घराच्या जवळ आणावी लागते आणि गल्लोगल्ली डीपी बसवावी लागते. मग प्रत्येक डीपीचं तेल बघा, ब्रीदरमधली (रोहित्रात जाणारी हवा कोरडी करणारी) सिलिका जेल निळ्याची गुलाबी झाली की बदला, अर्थिंगचे खड्डे तपासा, पावसाळ्याआधी फांद्या तोडा, फुटके इन्सुलेटर उतरवा. वहन आकार याचा आहे. तो दरही कंपनी मनाने लावत नाही. नियामक आयोग हिशेब तपासून, जाहीर सुनावणी घेऊन ठरवतो.

बिलवाचक

माझं अर्धंच वाचून उत्तर लिहिलंत. तार फुकट उभी राहते असं मी कुठे म्हटलं? माझा आक्षेप असा की तारेचा खर्च आणि विजेचा खर्च एकाच हाताने घेतला जातो आणि त्या हाताला स्पर्धा नाही.

फांद्या तोडायचे पैसे बिलात आहेत ना? मग पहिल्या वळवात फीडर (उपकेंद्रातून निघणारी ११ केव्हीची वाहिनी) ट्रिप का होतो? सिलिका जेल गुलाबी होऊन पुढे पांढरट पडली तरी कुणी वर चढत नाही. आकडे टाकून होणारी चोरी आणि कुजलेल्या जोडातली गळती, दोन्ही मंजूर मर्यादेपर्यंत दरात धरली जाते. म्हणजे प्रामाणिक ग्राहक चोराचंही बिल भरतो. स्थिर आकार तर लाइट नसतानाही चालू.

आणखी एक. खांब तोच, तार तीच, मग वहन आकार दर युनिटमागे का? पन्नास युनिट वापरले काय आणि पाचशे वापरले काय, तुमच्या झाडाच्या फांद्या तितक्याच.

उपनगरी ग्राहक

बिलवाचक, नंबर बदलण्याची तुमची कल्पना मुंबईच्या उपनगरात होऊन गेली आहे. ८ जुलै २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने टाटा पॉवरचा उपनगरात किरकोळ वीज विकण्याचा हक्क मान्य झाला. २००९ पासून रिलायन्सच्या हजारो ग्राहकांनी टाटांची वीज घेतली. तार मात्र रिलायन्सचीच राहिली, कारण त्याच गल्लीत दुसऱ्या केबलसाठी पुन्हा रस्ता खणणं कुणालाच परवडणारं नव्हतं. वीज आकार टाटांच्या दराने, वहन आकार रिलायन्सच्या तारेचा. केबल गेली की दुरुस्त करायची ती रिलायन्सने. २०१८ मध्ये ते जाळं अदानींकडे गेलं, तरी तार कुणाची आणि वीज कुणाची हा फरक तसाच आहे.

स्पर्धेने विजेचा दर खाली येईल. डीपीवरचा सैल जंपर (जोडतार) स्पर्धेने घट्ट होत नाही.

दर युनिटमागे वहन आकार घेण्यावरचा तुमचा आक्षेप मात्र मला पटतो. तारेचा खर्च वर्षातल्या सर्वांत जास्त मागणीच्या तासावर ठरतो, महिन्याच्या युनिटवर नाही. घरगुती ग्राहकाचा मंजूर भार नीट मोजला जात नाही म्हणून युनिटवर पसरवण्याची सोय केली, इतकंच.

बांधावरून

उपनगरातल्या केबलचं पुरे. डीपी जळते ती आमच्या शिवारात. गहू ओंब्यांवर असताना डीपी जळते. मग ती उतरवायला, न्यायला, आणायला ट्रॅक्टर शेतकऱ्याचा आणि वर्गणी शेतकऱ्यांची. वाहतूक हे कंपनीचं काम असताना हा रिवाज पडलाच कसा? वहन आकारात हे वहन येत नाही का? वर कुणी ना कुणी साहेब सांगतो की तुम्हीच जाळली.

फीडर-११

बांधावरून, गाडीचा खर्च शेतकऱ्याने करायचाच नाही, यावर दुमत नाही. मागितला तर लेखी मागा म्हणावं.

पण 'तुम्हीच जाळली' यातही तथ्य आहे. ६३ केव्हीएच्या डीपीची लघुदाब बाजू ८४ अँपिअरची. पाच एचपीचा पंप साडेसात-आठ अँपिअर घेतो. दहा पंप चालू असले तरी कशीबशी निभते. आता त्या दहाही स्टार्टरना ऑटोस्विच (वीज आली की पंप आपोआप चालू करणारा) लावलेत. फीडरवर थ्री फेज आली की त्याच सेकंदाला दहाही मोटरी उठतात. उठताना मोटर सहापट प्रवाह घेते, म्हणजे चारशे अँपिअरच्या वर. दाब कोसळतो. ४१५ चे ३०० झाले की मोटरचा जोर निम्म्यावर येतो, कारण जोर दाबाच्या वर्गावर चालतो. पाण्याच्या भाराखाली ती वेग घेत नाही आणि तो मोठा प्रवाह ओढतच राहते.

इथे लघुदाबाचा फ्यूज उडायला हवा. तो उडत नाही, कारण किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या चिनीमातीच्या पकडीत, फ्यूजची तार नसते, कंडक्टरचे पीळ सोडवून काढलेले अॅल्युमिनियमचे दोन-तीन पदर असतात. वर ११ केव्हीच्या डीओमध्येही (उच्चदाब बाजूचा फ्यूज) तेच. ६३ केव्हीएला त्या बाजूने भरभार सव्वातीन अँपिअर, आणि बांधलेली तार त्याच्या कितीतरी पट जाड. मग वितळायला एकच गोष्ट उरते, रोहित्राची गुंडाळी.

बांधावरून

ऑटोस्विच हौस म्हणून लावलाय असं वाटतं का तुम्हाला? दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, असं चक्र तुम्हीच लावलंत. रात्री दोनला फीडर सुरू झाला तर विहिरीवर कुणी जायचं? जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या बसलेला असतो. एसीत बसून 'ऑटोस्विच काढा' म्हणणं सोपं आहे.

आणि डीओत जाड तार कोण बांधतं? उच्चदाबाला शेतकरी हात लावत नाही. लाइनमनकडे बरोबर मापाची तार नसते, म्हणून मिळेल ती बांधून तो पुढच्या गावाला जातो.

फीडर-११

आवाज चढवून अँपिअर कमी होत नाहीत.

ऑटोस्विच काढायचा नसेल तर त्याच्यासोबत ऑन-डिले टायमर लावा. पहिला पंप ३० सेकंदांनी, दुसरा ६०, तिसरा ९०. दहावा पाच मिनिटांनी उठेल. त्याने पिकाचं काही बिघडत नाही आणि डीपीवर एका वेळी एकाच मोटरचा धक्का येतो. अट एकच, डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून वेळा ठरवून घ्यायच्या. सगळ्यांनी ३० सेकंदच ठेवले तर काहीच बदलत नाही.

दुसरं, कपॅसिटर. पाच एचपीला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर मोटरच्या टर्मिनलला समांतर, स्टार्टरच्या पुढे, म्हणजे मोटर बंद झाली की तोही लाइनवरून सुटेल. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या प्रवाहातला कामाला येणारा वाटा) ०.७५ च्या आसपास असेल तर ०.९ च्या वर जातो आणि पंपामागे दीड अँपिअर वाचतो. दहा पंपांचे पंधरा. दोन पंपांची जागा त्याच डीपीवर मोकळी होते. कपॅसिटर काढून कोपऱ्यात टाकणारे बरेच आहेत, मग शेपटाकडच्या शेतकऱ्याला ३४० व्होल्ट मिळाले की ओरड.

बांधावरून

टायमरचं पटतं. पण डीपीवर दहा मंजूर आणि अठरा चालू असतील तर टायमर लावूनही ती जळणारच. पाच एचपी लिहून साडेसात बसवणारेही आहेत, ते आमचेच लोक, हे मान्य. पण नवी डीपी मागून वर्षं जातात, तेव्हा माणूस आहे त्या डीपीवर चढतो. आणि रात्रीचं चक्र गेल्याशिवाय ऑटोस्विच जाणार नाही, हेही लिहून ठेवा.

लघुदाब

रात्रीच्या चक्रावर उतारा वितरणाच्याच बाजूने निघतोय. सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीचा फीडर दिवसा चालवायचा आहे. हे जमतं ते गावठाण आणि शेतीचे फीडर आधी वेगळे केले म्हणून. नुसती वीज बनवून हे झालं नसतं. धाग्याचा विषय हाच आहे.

बिलवाचक

विषयावर यायचं तर ऐका. मी छतावर सोलर लावतो आणि तुमची तारच सोडतो. मग वहन आकार कुणाकडून घ्याल?

तारजोड

छतावरचं नेट मीटरिंगचं सोलर (जास्तीची वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करणारं) तार सोडत नाही, तारेवरच उभं असतं. लाइट गेली की तो इन्व्हर्टर स्वतः बंद पडतो, भर दुपारी ऊन असलं तरी. दाब आणि वारंवारता तो ग्रिडकडून घेतो. आणि तो चालू राहिला तर खांबावर चढलेल्या माणसाच्या हातातली तार जिवंत राहील. चेंजओव्हर स्विचशिवाय जनरेटर जोडणारे हाच धोका ओढवतात. तुमचे २४० व्होल्ट उलटे डीपीत शिरले की वरच्या बाजूला हजारो व्होल्ट होऊन निघतात. लाइनमन फीडर बंद करून, परमिट घेऊन चढलेला असतो. पलीकडे कुणाचा जनरेटर चालू आहे हे त्याला कुठून कळणार? म्हणून काम सुरू करण्याआधी तारा दोन्हीकडून डिस्चार्ज रॉडने अर्थ करायच्या. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि माणूस जातो.

तार खरंच सोडायची असेल तर बॅटरी हवी. रात्रीपुरती नाही, जुलैतल्या ढगाळ आठवड्यापुरती. तिचा खर्च मांडा आणि वहन आकाराशी ताडून बघा.

बिलवाचक

बॅटरीचा हिशेब मांडला की तार स्वस्त पडते, ठीक. तेवढं मान्य. पण तार स्वस्त पडते म्हणून ती कशीही ठेवायची? न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) तुटून सोसायटीतले टीव्ही, फ्रिज जळतात तेव्हा कंपनी म्हणते, वायरिंग तुमचं. ते कुणाच्या खात्यात?

तारजोड

डीपी ते मीटर यांच्यामधला न्यूट्रल तुटला असेल तर कंपनीच्या. तिथे तुमच्याशी वाद नाही.

तो ओळखायचा कसा ते लिहितो. न्यूट्रल सुटला की दोन फेजवरची घरं ४१५ व्होल्टवर एकमेकांना मालिकेत जोडली जातात. एकीकडे गिझर-इस्त्री मिळून २० ओहम आणि दुसरीकडे टीव्ही-दिवे मिळून ८० ओहम असतील, तर पहिल्या घराला ८३ व्होल्ट आणि दुसऱ्याला ३३२. म्हणून एका घरात दिवा मिणमिणतो आणि शेजारी डोळे दिपतात. असं दिसलं की मेन स्विच पाडा, शेजाऱ्यांनाही पाडायला सांगा आणि १९१२ ला फोन करून 'न्यूट्रल गेलाय' असे शब्द वापरा. 'लाइट कमी-जास्त होते' म्हटलं की तक्रार मागे पडते. आरसीसीबी (शॉक लागू नये म्हणून वीज तोडणारा स्विच) इथे वाचवत नाही, ती गळती बघते, दाब बघत नाही. जास्त दाबाला तोडणारं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं.

कारण बहुतेक वेळा एकच. तांब्याची सर्व्हिस वायर अॅल्युमिनियमच्या तारेला नुसती पिळून बांधलेली असते. दोन धातूंत पाणी शिरलं की जोड पांढरी पूड होऊन खातो. बायमेटल क्लँप (दोन वेगळे धातू जोडण्यासाठीचा) लावला की हे टळतं.

उपनगरी ग्राहक

पुरावा ठेवायला सांगा त्यांना. तक्रार क्रमांक, वेळ, मल्टिमीटरवरच्या आकड्याचा फोटो, जळलेल्या वस्तूंचा दुरुस्तीवाल्याचा लेखी शेरा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपाल, मुंबई किंवा नागपूर. वीज कायद्याचं कलम ५७ सेवेचे निकष मोडल्यावर भरपाईचं आहे. त्याचा अर्ज फार थोडे लोक करतात.

बिलवाचक

अर्ज करायला हवाच का? २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत लिहिलंय की ज्या निकषांवर दुरून लक्ष ठेवता येतं त्यांची भरपाई आपोआप द्यायची. फीडर किती वेळ बंद होता हे उपकेंद्रातल्या मीटरमध्ये मिनिटागणिक नोंदलेलं असतं. ते वाचून पुढच्या बिलात वजावट टाका. वहन आकार वसूल करताना अर्ज मागत नाही ना कुणी?

लघुदाब

यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण मागणी बरोबर आहे. तारेचे पैसे घ्यायचे तर तार बंद होती तेवढ्या वेळाचा हिशेब त्याच बिलात दिसायला हवा. 'दलाली' मागे घ्या, मी या मागणीवर सही करतो.

बिलवाचक

वजावट बिलात दिसू दे, त्या दिवशी मागे घेईन.

बांधावरून

आणि ट्रॅक्टरचं भाडं? ते कोणत्या बिलात टाकताय?