डिस्कला दोन वाटा, ओबीपीला एकच
'एसटीएमएसबूट -ई' ही आज्ञा चालवून रीबूट केलं की सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिमची बूट डिस्क मल्टिपाथवर (एकाच डिस्कला दोन वाटा) आली, काम संपलं, असं म्हटलं जातं. अर्धंच खरं. त्याने व्हीएफएसटॅब या माउंट-यादीतली डिस्कची नावं बदलतात, पण स्पार्क प्रोसेसरच्या मशीनमधल्या ओपन बूट प्रॉमला (ओबीपी, मशीन सुरू होताना बूट डिस्क शोधणारं फर्मवेअर) मल्टिपाथ कळतच नाही. तो आपल्या बूट-डिव्हाइस या सेटिंगमध्ये लिहिलेला प्रत्यक्ष मार्गच धरतो.

गोव्यात वेर्ण्याला आमच्याकडे ऐन चवथीच्या आदल्या दिवशी वीज गेली. परत आली तेव्हा डिस्ककडे जाणाऱ्या पहिल्या मार्गावरचा फायबर स्विच उठलाच नाही. दुसरा मार्ग धडधाकट, तरी कन्सोलवर नुसतं 'ओके', म्हणजे ओबीपीचा प्रॉम्प्ट; मशीन बूट झालंच नाही. घरी माटोळी (गणपतीवरचं फळाफुलांचं छत) बांधायची सोडून मी तिथे! तेव्हापासून बूट-डिव्हाइसमध्ये दोन्ही एचबीएंचे (मशीनमधल्या फायबर कार्डांचे) मार्ग ओळीने लिहितो. आणि चालत्या मशीनची केबल उपसून समाधान मानत नाही. केबल काढलेली ठेवूनच मशीन बंद करून पुन्हा उठवतो, मग दुसरी काढून तेच.