'सोरॉरिटी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : 'काय ईटा फाय' (Chi Eta Phi, ही ग्रीक अक्षरांची नावं) या अमेरिकन परिचारिकांच्या सोरॉरिटीवरचा, म्हणजे बहीणभावानं बांधलेल्या स्त्रियांच्या संघटनेवरचा, लेख मराठीत आणते आहे. 'व्यावसायिक भगिनी मंडळ' असं लिहिलं, पण वाचताना गल्लीतलं हळदीकुंकू आठवतं. दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर : ताई, 'भगिनी' ठेवाच. लॅटिनमध्ये 'सोरॉर' म्हणजे बहीण, आणि संस्कृतातला 'स्वसृ' त्याचाच सख्खा. 'भ्राता' मराठीत अजून कधीमधी भेटतो, 'स्वसा' मात्र हरवली. अडचण 'मंडळ'ची आहे. मंडळात वर्गणी भरली की झालं. सोरॉरिटीत रीतसर प्रवेशविधी असतो, नातं जन्माचं मानतात आणि सदस्या एकमेकींना 'सोरॉर' म्हणूनच हाक मारतात. म्हणून 'भगिनीसंघ'.

'व्यावसायिक' मात्र काढा, त्याला नफ्यातोट्याचा वास येतो. 'परिचारिकांचा भगिनीसंघ' पुरे.

ही बहीणभावना हौसेची नव्हती, हे लेखात जरूर येऊ द्या. १६ ऑक्टोबर १९३२ रोजी वॉशिंग्टनच्या फ्रीडमन्स हॉस्पिटलमध्ये एलीन कॅरिंग्टन युएल आणि आणखी अकरा कृष्णवर्णीय परिचारिकांनी हा संघ काढला. हे रुग्णालयच मुळात गुलामीतून सुटलेल्यांसाठी उभं राहिलेलं. त्या काळी दक्षिणेतल्या कितीतरी राज्यांच्या परिचारिका संघटना कृष्णवर्णीयांना घेत नसत, आणि राष्ट्रीय संघटनेची वाट राज्य संघटनेतूनच जाई. हातात प्रशिक्षण आणि नोंदणी असूनही दार बंद! अशा वेळी 'बहीण' म्हणणारं कुणी असणं केवढं मोलाचं असेल.

'सर्व्हिस फॉर ह्युमॅनिटी' या त्यांच्या ब्रीदवाक्यासाठी 'मानवसेवा' घ्या. नुसत्या 'सेवा'ला आपल्याकडे सेवाज्येष्ठता, सेवानिवृत्ती चिकटली आहे. इथलं काम नोकरीपलीकडचं आहे : नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या, वस्त्यांमधून आरोग्यशिक्षण, वृद्धांना मदत. मला सर्वांत भिडतं ते स्मारकाचं काम. मेरी एलायझा महोनी १८७९ मध्ये बोस्टनला रीतसर प्रशिक्षण पुरं करणारी अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय परिचारिका. तिच्या बोस्टनजवळच्या एव्हरेटमधल्या कबरीवर १९७३ मध्ये स्मारक उभं राहिलं, त्यात या संघाचा हात होता. बहिणीचं नाव राखणं हीसुद्धा सेवाच ना?

आणखी एक : 'शुश्रूषा' 'श्रु' धातूवरून येतो. मूळ अर्थ, ऐकण्याची इच्छा. रुग्णाजवळ बसणाऱ्याला याहून नेमका शब्द नाही. 'सुश्रुषा' असं लिहिलं की तो अर्थच पुसला जातो, तेवढं जपा.

प्रतिसाद : या संघात पुरुष परिचारकही आहेत. मग 'भगिनीसंघ' कसा चालेल?

उत्तर : चालेल. संघानं स्वतःच नाव बदललेलं नाही, आपण कशाला बदलायचं? लेखात एका वाक्यात सांगून टाका, म्हणजे झालं.

प्रश्नकर्ती : मग 'परिचारिकांचा भगिनीसंघ' नक्की. 'सोरॉर' ही हाक मात्र तशीच ठेवते, तिथे 'भगिनी' म्हटलं की भाषण सुरू झाल्यासारखं वाटतं.