उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पटवाऱ्याचा अहवाल हवाच कशाला?

आर्वीकडचा कास्तकार
प्रवेशाचा हंगाम आला की आधी पटवाऱ्याचा अहवाल, मग सेतूत अर्ज, मग तहसीलमध्ये तपासणी, मग दाखल्यावर सही. त्या अहवालात असतं काय? शेती किती, मजुरी किती. शेती सातबाऱ्यावर आहे, तो महसूल खात्याचाच कागद. आपल्याला तो ऑनलाइन 15 रुपये भरून मिळतो. मजुरीचा आकडा आपण सांगतो तोच पटवारी लिहितो. म्हणजे खात्याच्या कपाटातला कागद खात्याला दाखवायला आपण रोज पाडायचा. अहवाल बंद करा, स्वयंघोषणा घ्या. शंभरातले पाच अर्ज गावात जाऊन तपासा आणि खोटा निघेल त्याच्यावर कारवाई करा.

निवृत्त अव्वल कारकून
कारवाई करणार कोण? पुन्हा तोच पटवारी, तोच कारकून. एकेकाकडे दोन-दोन साझे, म्हणजे दोन पटवाऱ्यांची गावं, त्यात पंचनामे, पीक पाहणी, निवडणुकीचं काम. दारात ट्रॅक्टर उभा आणि अर्जात उत्पन्न मजुराएवढं, असे अर्ज मी पाहिलेत. अहवालावर निदान कुणाची तरी सही असते. आधी रिकाम्या जागा भरा, मग टप्पे कमी करायच्या गोष्टी करा.

आर्वीकडचा कास्तकार
त्या ट्रॅक्टरवाल्याला अहवाल मिळालाच होता ना? मग अडवलं कुणाला?

सेतूवाला पोरगा
तुमी दोघंबी लय मोठं बोलून रायले. अर्ज वापस काहून येते ते मले विचारा. 'कागद अस्पष्ट', बस इतकंच लिवून येते. कोणता कागद, काई पत्ता नाई. माणूस सारी थैली घेऊन पुन्हा येते, तवा सर्व्हर बसलेला, अन् शेवटची एसटी निघून जाते. साऱ्या तुटी एकाच खेपेत अन् नाव घेऊन लिवा, अर्ध्या चकरा तिथंच कमी होतीन. अहवाल राहो की जावो.

बाभूळबन
एक गोष्ट कुणी बोललंच नाही. लोकसेवा हक्क कायदा 2015 चा. उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवसांची मुदत, उशीर झाला तर खात्यातच दोन अपिलं, तिसरं आयोगाकडे, आणि अधिकाऱ्याला दंड 500 ते 5,000 रुपये. पण दिवस मोजायचे ते अर्ज सगळ्या कागदांसह पूर्ण झाल्यावर. पटवाऱ्यामागे फिरण्यात जे दिवस जातात ते अर्जाच्या आधीचे, ते कुठेच धरले जात नाहीत. कागदोपत्री दाखला वेळेत, आणि माणूस पंधरवड्यापासून फिरतोय. सगळी नासाडी मुदतीच्या बाहेर ढकलली की कार्यालय कार्यक्षम दिसणारच!

निवृत्त अव्वल कारकून
हा मुद्दा मान्य. मग अहवालालाही मुदत घाला, पण काढू नका. भूमिहीनाकडे सातबारा नसतो. त्याला ओळखणारा गावातला कोतवाल आणि पटवारीच. संगणकाला तो माणूस दिसणार नाही.

आर्वीकडचा कास्तकार
आणि सगळ्यात जास्त चकरा त्या भूमिहीनालाच पडतात. एक दिवस गेला की त्या दिवशीची चूल त्याचीच अडते. ठीक आहे, अहवाल ठेवा. पण अर्ज सेतूत आधी घ्या, तिथून मुदत सुरू करा, आणि पटवाऱ्यानं अहवाल परस्पर तहसीलला पाठवावा. आमच्या हातून कशाला?

सेतूवाला पोरगा
हे चालते. पण पटवाऱ्यानं नाई पाठवला तर लोक मायाच टेबलावर येऊन भांडतीन. अर्ज कोणापाशी अटकला ते पावतीवरच्या नंबरानं दिसलं पायजे, नाईतर मले नका फसवू.