मदत हवी आहे : पुदिन्याच्या वासाचं जिरेनियम पावसाळ्यात कसं जगवू?

नमस्कार. इथे अनुभवी बागवाले बरेच आहेत म्हणून विचारतेय. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे माझं कुठे चुकलं ते तुम्हाला कळेल.

फेब्रुवारीत सासूबाईंना घेऊन इथे नाशिकमध्येच एका पुष्पप्रदर्शनाला गेले होते. काचबिंदूमुळे त्यांना आता फुलं नीट दिसत नाहीत. एरवी त्या गुलाबांपाशी खुर्चीवर बसतात आणि समोर काय काय आहे ते मी सांगत राहते. यंदा एका कोपऱ्यात नुसत्या जिरेनियमच्या कुंड्या मांडल्या होत्या. मला जिरेनियम म्हणजे कठड्यावरचं लाल फूल, नाहीतर शेतकरी तेलासाठी लावतात ते, एवढंच माहीत. तिथे मात्र चांदणीसारख्या टोकदार पानांची झाडं होती, गुलाबकळ्यांचे झुबके वाटावेत अशी फुलं होती. एकाच्या पानाला पिवळी किनार, आत तपकिरी-लाल वलय आणि मधोमध हिरवं. फूल नसतं तरी चाललं असतं असं ते पान!

कुंड्यांमागे बसलेल्या आजोबांनी सासूबाईंची काठी पाहिली आणि एकेक पान चुरगाळून त्यांच्या तळहातावर ठेवायला सुरुवात केली. आधी गुलाबाचा वास, मग लिंबाचा. मग एक मोठं, जाडसर, मखमली पान, त्याला चक्क पुदिन्याचा वास. सासूबाई त्यावरून अंगठा फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "अगं, हे वासराच्या कानासारखं आहे." त्यानंतर त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत, तासभर कुंड्यांमध्येच होत्या.

आजोबांनी बरंच सांगितलं. आपण जिरेनियम म्हणतो ती ही झाडं खरं तर पेलार्गोनियम, मूळची बहुतेक दक्षिण आफ्रिकेतली. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये खरी जिरेनियम आणि ही झाडं एकाच नावाखाली घातली, 1789 मध्ये ती वेगळी केली गेली, पण लोकांच्या तोंडी जुनंच नाव राहिलं. खऱ्या जिरेनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या, आणि यांच्या वरच्या दोन खालच्या तिघींपेक्षा वेगळ्या.

निघताना त्यांनी पुदिनावासाच्या झाडाची तीन कटिंग्ज ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. मी माहेरच्या द्राक्षबागेतली काळी माती आणि शेणखत भरून दोन कुंडीत लावली, रोज पाणी घातलं, गुलाबाला करते तशी वरून प्लॅस्टिकची पिशवी घातली. आठवड्याभरात दोन्हींचे देठ मातीलगत काळे पडून लिबलिबीत झाले. फार वाईट वाटलं. तिसरं स्वयंपाकघराच्या खिडकीत नुसत्या वाळूत खोचलं होतं, ते जगलं. आता वीतभर झालंय, पण एप्रिलपासून पानांच्या कडा करपताहेत. पाऊस पंधरा दिवसांवर आलाय. कुंडी आता बदलू का? पावसात ठेवायची कुठे? याची आणखी रोपं कधी करता येतील? हे एकच उरलंय, म्हणून हात लावायची भीती वाटते. आणि त्या तिरंगी पानाचं नाव कोणी सांगेल का? पाटीवर 'मिसेस' एवढंच वाचता आलं, पुढचं पाण्याने पुसलं होतं.

प्रतिसाद १
ताई, वर्णनावरून हे पेलार्गोनियम टोमेंटोसम. बाकीच्या जिरेनियमना भरपूर ऊन लागतं, याला मात्र अर्धी सावली आवडते. कडा करपण्याचं कारण बहुधा दुपारचं ऊन. पूर्वेच्या खिडकीत ठेवा, सकाळचं दोन-तीन तास ऊन पुरे.
कटिंग्ज गेली ती पिथियम या बुरशीसारख्या रोगजंतूच्या कुजीने. आलं लावणाऱ्यांना ही कूज चांगली माहीत असते. काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात पिशवीची वाफ. जिरेनियमच्या कटिंगवर पिशवी कधीच घालू नये. वाळूत मात्र अन्न काहीच नाही, त्यामुळे कुंडी बदला, पण एकच माप मोठी घ्या. पोयटा, जाड वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समभाग, तळाला भोक मोकळं हवं. मुळाचा गोळा फोडू नका. पावसाळाभर छपराखाली, वारा खेळेल अशा जागी ठेवा आणि वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी.
नवी रोपं ऑक्टोबरनंतर. बोटभर लांबीचा शेंडा पेराच्या खाली कापायचा, खालची पानं काढायची, काप काही तास सावलीत सुकू द्यायचा आणि मग लावायचा. तीन-चार आठवड्यांत मुळं येतात.

प्रतिसाद २
ते तिरंगी पान 'मिसेस पोलॉक' असावं. 1858 च्या सुमाराचा इंग्लंडमधला वाण आहे, पानासाठीच ठेवतात. आमच्याकडे थंडीत पानाचे रंग छान खुलतात, उन्हाळ्यात फिके पडतात.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. कुंडी आज पूर्वेच्या खिडकीत नेली, वाळू उद्या आणते. अजून एक विचारायचं राहिलं. सासूबाई रोज सकाळी एक पान चुरगाळतात. मी त्यांना अडवत नाही, पण एवढ्याशा रोपाला ते सोसेल का?

प्रतिसाद १
चुरगाळायची गरजच नाही. सुगंधी तेल पानावरच्या बारीक केसांच्या टोकाशी असलेल्या ग्रंथींत असतं. हलक्या हाताने लव चोळली तरी वास बोटांना लागतो आणि पान शाबूत राहतं. त्यांना अंगठा फिरवू दे.