नवोदय आणि शिष्यवृत्तीसाठी शब्दांच्या याद्या पाठ करून घेणं थांबवा

वावरशाळा (जि. प. शिक्षक, यवतमाळ जिल्हा)

जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश मिळावा म्हणून परीक्षेला बसणाऱ्या पाचवीच्या लेकरांकडून आमच्या भागात एकच काम जोरात करून घेतलं जातं. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, रोज एक पान पाठ. शाळेत तेच, शिकवणीत तेच, संध्याकाळी घरीही तेच. माझं म्हणणं असं की हे थांबवा आणि तो वेळ उताऱ्यातल्या शब्दाचा अर्थ उताऱ्यातूनच काढायला द्या.

पेपर काय मागतो ते आधी बघा. नवोदयच्या निवड परीक्षेत ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यात भाषेचे २० प्रश्न, २५ गुणांचे, आणि ते सगळे चार उताऱ्यांवर, प्रत्येक उताऱ्याला पाच. सुटा शब्द समोर टाकून अर्थ विचारत नाहीत. शब्दार्थाचा प्रश्न आला तरी शब्द उताऱ्यात कुठेतरी बसलेला असतो आणि त्याच्या आजूबाजूची वाक्यं त्याचा अर्थ धरून ठेवतात.

एक नमुना मी वर्गात दिला होता. ‘वेचणीच्या दिवसांत बायांना उसंत नसते. दिवस उगवायच्या आत वावर गाठायचं आणि भाकरसुद्धा उभ्या उभ्याच खायची.’ उसंत म्हणजे काय? पर्याय: सावली, सवड, मजुरी, सोबत. बऱ्याच मुलांनी ‘सावली’वर खूण केली. त्यांचं चुकलं कुठे? पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वावरात सावली नसते हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, म्हणून त्यांनी स्वतःच्या अनुभवातून उत्तर दिलं. उताऱ्यात सावलीबद्दल एक अक्षरही नाही. ‘उभ्या उभ्या’ हे शब्द घाई सांगतात. हे एकदा मुलानं स्वतः बोट ठेवून दाखवलं की पुढच्या उताऱ्यात ते असे शब्द आपसूक शोधायला लागतं. यादीत ‘उसंत = सवड’ पाठ करून ही नजर येत नाही.

दुसरं उदाहरण खास आपल्याकडचं. ‘बाप गेल्यावर घराची धुरा थोरल्या लेकीनं सांभाळली.’ आपल्या पोरांसाठी धुरा म्हणजे वावराचा बांध. पर्यायात ‘बांध’ दिसला की त्यांचा हात तिकडेच जातो. पण वावराचा तो धुरा आणि घराची ही धुरा. ‘घराची’ या एका शब्दानं मुलाला थांबायला पाहिजे. पुण्याच्या पोराला हा गोंधळ होतच नाही, आपल्या पोराला होतो. म्हणून आपल्याकडे तर हा सराव जास्त लागतो.

मी करतो ते असं. पर्याय हातानं झाकायचे, वाक्य वाचायचं, त्या जागी स्वतःच्या बोलीतला शब्द बसवायचा. मग हात काढून आपल्या शब्दाच्या जवळचा पर्याय निवडायचा आणि तो वाक्यात घालून पुन्हा वाचायचा. वऱ्हाडी शब्द आला तरी चालतो. उलट तो आला म्हणजे अर्थ कळला.

सरावमाळ (शिकवणी चालवतो, वर्धा जिल्हा)

सर, तुमचा मुद्दा नवोदयपुरता. आमच्याकडचं एकच लेकरू नवोदयलाही बसतं आणि राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेलाही. शिष्यवृत्तीच्या पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे २५ प्रश्न, ५० गुण. तिथे उतारा असतो, कविता असते, पण समानार्थी, विरुद्धार्थी, म्हणी, वाक्प्रचार, शब्दसमूहाबद्दल एक शब्द हे सगळं थेट असतं. आगे नाही, मागे नाही, नुसता शब्द. तिथे कुठलं वाक्य लेकराला वाचवणार?

दुसरं, वेळ. नवोदयला भाषेसाठी अर्धा तास धरला तर एका उताऱ्याला साडेसात मिनिटं. त्यात वाचायचं, पाच प्रश्न सोडवायचे, गोल काळे करायचे. ‘धुरा = जबाबदारी’ ज्याला पाठ आहे तो क्षणात पुढे जातो. तुमचा विद्यार्थी पर्याय झाकून विचार करत बसतो. ही परीक्षा एकदाच देता येते, सर. प्रयोग करायला दुसरी संधी नाही.

मी याद्या देतो आणि माझी मुलं लागतात. गावातला मजूर माणूस फी देतो तेव्हा त्याला दिसेल असं काम व्हावं लागतं. भरलेली वही त्याला दिसते.

पोट्याची माय (दर्यापूर तालुका)

मास्तर, मी सातवीपर्यंत शिकली. वावरातून आल्यावर पोट्याचा अभ्यास मीच घेतो... घेते. यादी असली का मले इचारता येते. शब्द वाचाचा, त्यानं अर्थ सांगतला का वहीत पाहून घ्याचं, बरोबर का चूक. उतारा देसान तं मलेच समजत नाई त्याचं उत्तर बरोबर हाये का नाई. मंग मी काय करू? आमच्या घरी अभ्यास घेणारं दुसरं कोणी नाई. यादी बंद केली तं माह्या हातातलं कामच जाईन. याचा इचार कोणी करत नाई.

पाड्यावरची शाळा (शिक्षक, धारणी, मेळघाट)

दोन्ही बाजूंनी गृहीत धरलंय की लेकरू घरी मराठी बोलतं. आमच्या वर्गात कोरकू बोलणारी मुलं आहेत. कोरकू मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. माझ्या मुलासाठी उताऱ्यात अनोळखी शब्द एक नसतो, ओळीओळीला असतो. ज्या शब्दांवरून अंदाज करायचा तेच माहीत नसले तर अंदाज कशावरून?

यावर अभ्यास झालेला आहे. हू आणि नेशन यांनी २००० साली इंग्रजी शिकणाऱ्यांवर काम करून दाखवलं की मजकूर कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायला त्यातले साधारण ९८ टक्के शब्द आधी येत असावे लागतात. दीडशे शब्दांचा उतारा धरा. म्हणजे तीनच शब्द अडलेले चालतात. माझ्या मुलांचे तीसेक अडतात. वावरशाळा सरांची पद्धत त्यांना उपाशी ठेवेल.

आणि संदर्भ दर वेळी मदत करतो हेही खरं नाही. ‘वादळ ओसरलं, गाव शांत झालं, पण रखमाचा चेहरा विषण्ण होता.’ आता सांगा: भयभीत, उदास की संतप्त? वाक्यात तिन्ही बसतात. अशी वाक्यं उताऱ्यांत भरपूर असतात. तिथे शब्द आधी भेटलेला असणं एवढाच उपाय.

एम.एड.वाली (नागपूर, गाव उमरेड तालुक्यातलं)

धारणीच्या सरांना जोड देते. स्वानबॉर्न आणि डी ग्लॉपर यांनी १९९९ मध्ये बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला होता. सहज वाचताना भेटलेल्या शंभर अनोळखी शब्दांतले जेमतेम पंधरा मुलांच्या पदरात पडतात. नुसतं ‘वाचा, आपोआप येईल’ म्हणणं म्हणजे ज्या घरात आधीच पुस्तकं आहेत त्याच घराला पुढे ठेवणं.

मात्र परीक्षा घेणारेही सुट्या शब्दांपासून दूर जात आहेत, हेही खरं. अमेरिकेतल्या एसएटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेनं २००५ मध्ये शब्दजोड्यांच्या साम्याचे प्रश्न काढले, २०१६ मध्ये सुट्या वाक्यातल्या रिकाम्या जागा काढल्या आणि शब्दार्थ फक्त उताऱ्याच्या आत विचारायला सुरुवात केली. कारण अवघड शब्दांच्या याद्या घोकण्यातच मुलांचा वेळ जात होता.

वावरशाळा

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो, थोडं लांबेल.

सरावमाळ सर, पाठ असलेला शब्द क्षणात सुटतो म्हणता. ‘निरोप’ घ्या. याद्यांत त्याच्यापुढे ‘संदेश’ लिहिलेलं असतं. उतारा म्हणतो, ‘बदली झाल्यावर गावानं मास्तरांना निरोप दिला तेव्हा लेकरांचे डोळे भरून आले.’ पर्यायात ‘संदेश’ही आहे आणि ‘पाठवणी’ही. यादीवालं लेकरू क्षणात ‘संदेश’ काळं करतं आणि पुढे जातं. वेग वाढला, गुण गेले. पेपर काढणारा दोन अर्थांचे शब्द मुद्दाम निवडतो, आणि यादी प्रत्येक शब्दाला एकच अर्थ चिकटवते. पर्याय झाकायची सवयही सुरुवातीलाच वेळ खाते. दिवाळीपर्यंत ती इतकी अंगवळणी पडते की हात लावावाही लागत नाही.

शिष्यवृत्तीत सुटे शब्द थेट येतात, मान्य. पण ते शब्दही मुलाला वाक्यातून भेटले तर टिकतात. आणि ही परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला होती, ती आता पुन्हा चौथी-सातवीला येते आहे. चौथीचं लेकरू वर्षानं लहान, त्याचा शब्दसाठा तेवढा कमी. त्याच्यावर तीच यादी लादली तर त्याला भाषेचीच भीती बसेल, आणि ती भीती दहावीपर्यंत जात नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

ताई, तुमचा मुद्दा या धाग्यात सगळ्यात मोठा आहे. तुम्हाला उत्तर माहीत असायची गरज नाही. उतारा पोराला मोठ्यानं वाचायला सांगा आणि एकच विचारा: ‘तुले हे कायवरून समजलं?’ त्यानं उताऱ्यातल्या शब्दावर बोट ठेवलं पाहिजे. बोट ठेवता आलं नाही तर तो अंदाज मारतोय हे तुम्हाला लगेच कळेल. हे तपासायला सातवी भरपूर झाली. वाचायला काय द्यायचं, तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. मोबाइलवर उघडतात.

धारणीच्या सरांशी मी वाद घालणार नाही, फक्त एक वेगळं म्हणतो. तीस शब्द अडतात तो उतारा त्या मुलासाठी चुकीचा आहे. दुसरीच्या पुस्तकातला घ्या, जिथे तीनच अडतील. पद्धत तीच, पायरी खालची.

पाड्यावरची शाळा

पायरी खालची घेतली तर परीक्षेपर्यंत वरची पायरी येत नाही, सर. परीक्षेची तारीख कोणासाठी थांबत नाही. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात म्हणून आपण आनंद मानतो, पण त्या ग्रामीणमध्ये तालुक्याशेजारचं मोठं गावही येतं आणि माझा पाडाही येतो. पेपर दोघांना एकच.

म्हणून मी शब्द आधी तोंडी देतो. उतारा नदीवर असेल तर आदल्या दिवशी सिपना नदीवर नेतो. काठ, पात्र, डोह, उतार, प्रवाह हे शब्द तिथे बोट दाखवून, कोरकू शब्दाशेजारी मराठी शब्द ठेवून. मग उतारा. याला तुम्ही यादी म्हणत असाल तर म्हणा. मला ती लागते आणि मी ती सोडणार नाही.

वावरशाळा

याला मी यादी म्हणणार नाही. शब्द वस्तूजवळ भेटला, दुसऱ्या दिवशी उताऱ्यात भेटला. माझा विरोध छापील पानावरच्या एकास एक जोड्यांना आहे.

सरावमाळ

म्हणींचं राहिलं. ‘आवळा देऊन कोहळा काढणे’ कुठल्या संदर्भावरून काढणार? ज्याला माहीत नाही तो आवळ्याच्या झाडापाशीच अडतो. म्हणी पाठच कराव्या लागतात, आणि माझ्या याद्यांचा मोठा भाग म्हणी-वाक्प्रचारांचाच आहे. तो मी बंद करणार नाही. फार तर समानार्थी शब्दांची पानं कमी करून तिथे उतारे घालीन. पालक विचारतील वही रिकामी का, तेव्हा त्यांना तुमचा ‘कायवरून समजलं’ दाखवीन. चाललं नाही तर याद्या परत सुरू, आधीच सांगून ठेवतो.

एम.एड.वाली

म्हणी पाठ करा, पण प्रत्येक म्हणीला गावातला एक प्रसंग मुलाकडून सांगवून घ्या. कोणी कोणाला थोडं देऊन जास्त उकळलं हे प्रत्येक गावात मुलांना ठाऊक असतं. ती गोष्ट सांगितली की अर्थ पाठ करावा लागत नाही.

पोट्याची माय

मास्तर, काल पोट्याले इचारलं, कायवरून समजलं. दोनदा बोट ठेवलं त्यानं बरोबर. तिसऱ्या वेळी मलेच म्हने, ‘आई, तू सांग.’ मले सांगता नाई आलं. असं झालं तं काय कराचं?

वावरशाळा

तो शब्द त्याच्या वाक्यासकट वहीत लिहून ठेवायला सांगा, नुसता शब्द नको. दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तरला विचारू द्या, आणि घरी आल्यावर त्यानं तुम्हाला समजावून सांगायचं. तुम्हाला समजलं तर त्याला आलं. एका उताऱ्यातले दोन-तीन शब्द एवढेच, जास्त नको, नाहीतर वही पुन्हा यादीच होऊन बसते.

सरावमाळ

वाक्यासकट लिहायचं हे माझ्या वहीतही बसतं. सोमवारपासून तेवढं सुरू करतो. म्हणींवर मात्र मी माझ्या जागी ठाम आहे.