मदत हवी आहे: डीएनएविरुद्ध प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशीला टी-पेशीची साथ कशी मिळते?

नमस्कार. ल्युपसवर (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारावर) वर्गासाठी टिपण तयार करताना एका मुद्द्यापाशी अडले आहे. जाणकारांनी कृपया उलगडा करावा.

ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तात डीएनएविरोधी प्रतिपिंडे सापडतात, हे १९५७ पासून ठाऊक आहे. त्यांतली आजाराशी निगडित प्रतिपिंडे प्रामुख्याने आयजीजी प्रकारची असतात. हा प्रकार बनायला सहसा टी-पेशी या दुसऱ्या प्रतिकारपेशीचा इशारा लागतो, म्हणजे ती बनवणाऱ्या बी-पेशीला बहुधा टी-पेशीची मदत मिळालेली असणार. पण टी-पेशी ओळखते ते प्रथिनांचे तुकडे. डीएनए तिच्या खिजगणतीतही नसतो. सस्तन प्राण्यांचा शुद्ध डीएनए उंदरांना टोचला तरी अशी प्रतिपिंडे सहसा तयार होत नाहीत.

ही प्रतिपिंडे खरे तर डीएनएला लगटलेल्या हिस्टोन प्रथिनांविरुद्ध असावीत, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. मात्र या प्रतिपिंडांच्या चाचणीत वापरतात ती क्रिथिडियाची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि ती समजूत टिकली नाही. या एकपेशीय जीवात केंद्रकापासून वेगळा, शेपटीसारख्या कशाभिकेच्या बुडाशी, डीएनएचा एक घट्ट पुंजका असतो. त्यात आपल्या पेशींतल्यासारखे हिस्टोन नसतात, तरीही रुग्णाचा रक्तद्रव घातल्यावर नेमका तोच ठिपका हिरवा चमकत होता, म्हणजे प्रतिपिंड तिथेच चिकटले होते. मग प्रतिपिंड डीएनएला चिकटते, तर मदत कोणाच्या नावावर मिळते?

प्रतिसाद:

आपली शंका रास्त आहे, आणि उत्तर आपण बाजूला सारलेल्या हिस्टोनमध्येच आहे. प्रतिपिंड ज्याला चिकटते तेच टी-पेशीला दाखवले गेले पाहिजे, असे नाही. दोन्ही गोष्टी एकाच कणावर असल्या की पुरते. मेलेल्या पेशीतला डीएनए बहुधा सुटा नसतो, तर आठ हिस्टोनांच्या गाभ्याभोवती सुमारे १४७ बेसजोड्यांचा वेढा घातलेल्या न्यूक्लिओसोमच्या रूपात असतो. बी-पेशी आपल्या ग्राहीने (पृष्ठभागावरच्या ओळख पटवणाऱ्या प्रथिनाने) डीएनए धरते, अख्खा कण आत ओढते आणि हिस्टोनचे तुकडे पृष्ठभागावर मांडते. हिस्टोन ओळखणारी टी-पेशी ते पाहून तिला मदत करते. आत गेलेला डीएनएही स्वस्थ बसत नाही, तो पेशीच्या आतल्या, डीएनए ओळखणाऱ्या टीएलआर-९ या ग्राहीला चेतवतो. पुढे जनुकांतील उत्परिवर्तनांमुळे प्रतिपिंडाच्या टोकाशी धनभारित आर्जिनिन वाढत गेले, की डीएनएच्या ऋणभारित फॉस्फेटांवरची पकड घट्ट होते.

हे सर्वांत होत नाही, कारण हा कचरा एरवी वेळीच उचलला जातो. सी१क्यू हे पूरक-प्रथिन किंवा डीएनेज१एल३ हे विकर जन्मतःच नसलेल्या मुलांमध्ये ल्युपस दिसतो, तो याच कारणाने.

मूळ धागाकर्ती:

मनःपूर्वक आभार. आता एकच उपशंका उरते: स्वतःचे हिस्टोन ओळखणाऱ्या टी-पेशी, जिथे त्यांची छाननी होते त्या थायमस ग्रंथीतच बाद का होत नाहीत?